बाई

आमच्या शाळेत शिक्षिकांना ‘मॅडम’ म्हणायची पद्धत नव्हती. आडनावापुढे ‘बाई’ लावायचं, झालं. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई... आपल्याकडे या शब्दात मान आहे. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये बातम्यांत ‘बुल्ली बाई’ वाचलं, तेव्हा आधी तो शब्दच टोचला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गिटहब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची वेबसाइट. १ जानेवारीला तिथे एक अ‍ॅप दिसलं. शंभराहून जास्त मुसलमान बायकांचे फोटो, न विचारता उचललेले, आणि त्यांचा ‘लिलाव’! खरी विक्री होणार नव्हतीच. चारचौघांत अपमान करायचा, एवढाच उद्योग.

पण फोटो कुणाचे होते ते बघा. पत्रकार, कार्यकर्त्या, शबाना आझमी. आणि फातिमा नफीस, ज्यांचा मुलगा नजीब २०१६ मध्ये जेएनयूतून बेपत्ता झाला आणि ज्या त्याच्यासाठी कोर्टात गेल्या, मोर्चांत उभ्या राहिल्या. म्हणजे नुसती मुसलमान असणं पुरेसं नव्हतं. बोलणारी मुसलमान बाई हवी होती.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. जुलै २०२१ मध्ये असंच ‘सुल्ली डील्स’ आलं होतं. (ही मुसलमान बायकांना दिलेली एक शिवी.) त्यात ऐंशीच्या वर बायका होत्या. त्यांतल्या एक, हना मोहसिन खान, विमान चालवतात. त्यांनी नोएडात स्वतःच्या नावानं तक्रार दिली. दिल्लीतही गुन्हा नोंदला गेला. पण सहा महिने कुणालाही अटक नाही!

त्याच सुमारास आमच्याकडे जेवताना हा विषय निघाला होता. आत्या म्हणाली, “कशाला टाकायचे गं फोटो इंटरनेटवर?” मीही मान डोलावली आणि भात वाढून घेतला. (आत्या, तू हे वाचतेस हे माहीत आहे. दोष तुझा एकटीचा नाही, म्हणून तर लिहितेय.)

बुल्ली बाईच्या वेळी मात्र त्या बायकांनी अगदी उलट केलं. पत्रकार इस्मत आरा यांनी त्याच दिवशी दिल्ली पोलिसांत तक्रार दिली आणि ती ट्विटरवर सगळ्यांसमोर ठेवली. बाकीच्याही आपापल्या नावानिशी बोलू लागल्या, लिहू लागल्या. मुंबईतही गुन्हा नोंदला गेला, आणि पहिल्याच आठवड्यात मुंबईच्या सायबर पोलिसांनी बंगळुरू आणि उत्तराखंडातून अटका केल्या. मग दिल्ली पोलिसांनी आसामातून एकाला पकडलं. पाठोपाठ जुन्या सुल्ली डील्सच्या प्रकरणात इंदूरहून एकाला. पकडलेली बहुतेक मुलं विशीच्या आसपासची, शिकणारी. त्यांत एक मुलगीही होती. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. पुढे ती सगळी जामिनावर सुटली.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात, ३ जानेवारीला, सावित्रीबाईंची जयंती असते. त्या शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरून जोतीरावांना लिहिलेलं १८५६ चं एक पत्र आहे. आपल्यामागे सगळा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी त्यात आहे. ही फातिमा म्हणजे त्यांची शाळेतली सोबतीण, फातिमा शेख.

शेण फेकणाऱ्यांना काय हवं होतं? बाईनं घरी बसावं. अ‍ॅपवाल्यांनाही तेच हवं होतं. आणि ‘कशाला टाकायचे फोटो’ म्हणून आपण जेवणाच्या टेबलावर तेच तर सुचवत होतो, फक्त प्रेमानं आणि काळजीनं.

त्या बायकांनी ते ऐकलं नाही, म्हणून ही हकिगत इथवर तरी आली.

असो. आत्या, दिवाळीला येतेच आहे. तेव्हा बोलू. या वेळी नुसती मान डोलावणार नाही.