आठ दिवस बेपत्ता

कासव पळून गेलं असं कुणी सांगितलं तर आधी हसूच येतं. आपल्याकडे कासव म्हटलं की महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे फरशीत बसवलेलं दगडी कासव डोळ्यांपुढे येतं. पिढ्यान् पिढ्या लोक त्याला हात लावून आत जातात, ते जागचं हलत नाही. ससा-कासवाच्या गोष्टीतलं कासव शर्यत जिंकतं खरं, पण तेही आखून दिलेल्या वाटेनेच चालतं. कुंपणाची फट हेरून पसार होणारं कासव आपल्या गोष्टींत मला तरी भेटलं नाही.

असं एक कासव इंग्लंडात होऊन गेलं. त्याचं नाव टिमथी. १७८४ च्या मे महिन्यात ते बागेतून नाहीसं झालं आणि आठ दिवस सापडलं नाही. एवढ्याशा घटनेची नोंद सव्वादोनशेहून जास्त वर्षं टिकली, कारण ज्यांच्या बागेतून ते गेलं ते गृहस्थ होते गिल्बर्ट व्हाइट.

व्हाइटसाहेब (आम्ही जुनी माणसं, साहेब म्हटल्याशिवाय राहवत नाही) हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न नावाच्या खेड्यात १७२० साली जन्मले, १७९३ साली तिथेच वारले. पेशाने पाद्री, लग्न केलं नाही. गावात पाकोळी कधी आली, पहिली काकडी कधी धरली, पाऊस किती पडला, हे वर्षानुवर्षं वहीत टिपत राहिले. त्यांचं सेलबोर्नच्या निसर्गावरचं पुस्तक १७८९ साली निघालं आणि आजही छापलं जातं. मेलेले प्राणी कापून बघण्यापेक्षा जिवंत प्राणी काय करतो ते बघत बसावं, ही सवय इंग्रजांना ज्यांनी लावली त्यांत हे पहिल्या रांगेतले.

कासव मुळात त्यांच्या आत्याचं. रेबेका स्नूक या आत्याबाई ससेक्समधल्या रिंगमर गावी राहत. त्यांच्या बागेत ते कासव जवळपास चाळीस वर्षं होतं. आत्याकडे गेलं की व्हाइटसाहेब त्याच्याकडे बघत बसायचे. त्यांच्या लक्षात आलं की ज्या बाई त्याला इतकी वर्षं खाऊ घालत आल्या त्या दिसल्या की ते अडखळत अडखळत त्यांच्याकडे निघतं, परक्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. पावसाला तर ते इतकं भितं की ठेवणीतला पोशाख घातलेल्या बाईने घ्यावी तशी काळजी घेतं. पाठीवरून भरलेली गाडी गेली तरी काही होऊ नये अशी ढाल, आणि चार थेंबांची ही धास्ती!

मार्च १७८० मध्ये आत्या वारल्या. व्हाइटसाहेबांनी जमिनीत झोपलेलं कासव उकरून काढलं, मातीसकट पेटीत घातलं आणि घोडागाडीतून सेलबोर्नला आणलं. त्यांच्याच हिशेबाने हा प्रवास ऐंशी मैलांचा. रस्त्यातल्या हिसक्यांनी त्याची झोप मोडली. नव्या बागेत सोडल्यावर ते दोनदा बागेच्या टोकापर्यंत चालत गेलं आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरलं. आधी टोकापर्यंत जाऊन बघणं, मग झोपणं. मला यात पुढच्या पळण्याची चाहूल दिसते, पण ते माझं मत झालं.

पुढे प्रयोग सुरू झाले. वसंतात आणि शरदात वजन व्हायचं. साधारण पावणेसात पौंड, म्हणजे आपले तीन किलो. कर्ण्यातून ओरडून त्याला ऐकू येतं का ते बघितलं. त्याने दाद दिली नाही. पोहता येतं का म्हणून पाण्याच्या टबात सोडलं, तर बिचारं तळाशी गेलं आणि घाबरून तिथेच चालू लागलं. हे वाचताना मला साहेबांचा थोडा रागच आला. पण त्याच माणसाने हेही टिपलं की शरदातल्या फिकट उन्हात कासव भिंतीशी जाऊन आपली पाठ तिरपी करून ठेवतं, म्हणजे जास्तीत जास्त ऊन अंगावर पडावं. भूमितीचं पुस्तक न वाचलेल्या जिवाची ही भूमिती!

एकदा मात्र त्यांनी असं लिहून ठेवलं की आयुष्याचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग सुस्तीत वाया घालवणाऱ्या प्राण्याला देवाने इतकं दीर्घायुष्य का दिलं असावं, याचं नवल वाटतं.

आणि हेच सुस्त कासव बेपत्ता झालं. बागेचं छोटं फाटक उघडं राहिलं असावं. माळी टॉमस होर शोधून शोधून थकला. अखेर ते शेंगांच्या शेतात सापडलं.

व्हाइटसाहेबांचे जिवलग मित्र म्हणजे मल्सो. त्या घरातल्या हेकी नावाच्या मुलीला ऑगस्ट १७८४ मध्ये साहेबांनी एक पत्र पाठवलं. त्यावर सही टिमथीची! कासवच आपली कर्मकहाणी सांगतंय: जन्म समुद्रापलीकडे व्हर्जिनियात, मग जहाज, मग चिचेस्टरला अर्ध्या क्राऊनला झालेली विक्री, मग वजनं आणि तो टब. पळण्याचं कारणही ते सांगतं. बागेच्या उंचवट्यावरून पलीकडची टेकडी आणि कुरण दिसायचं, तिथे आपल्यासारखी कासवं असतील असं त्याला वाटलं. फाटक उघडं मिळालं, माळ्याची नजर चुकवली, फुलावर आलेल्या चाऱ्याच्या पिकातून शेंगांच्या शेतात शिरलं. आठ दिवस हिंडलं, पण जातभाई कुणी भेटला नाही. भूक लागली, घराची आठवण आली, आणि ते स्वतःहून टॉमसच्या स्वाधीन झालं.

पत्र गमतीचं आहे. पण ज्याने ते लिहिलं त्याला एकटेपण म्हणजे काय ते ठाऊक होतं, एवढं नक्की. टबात टाकलेल्या जिवाच्या बाजूनेही त्यांनी एकदा विचार करून पाहिला. माझा राग तिथे गेला.

पुस्तकात त्यांनी याबद्दल गंभीरपणेही लिहिलं आहे. जूनच्या सुरुवातीला हा प्राणी पहाटे पाचला उठतो, टाचा उचलून चालतो, कुंपणाची फट न् फट तपासतो. यामागे जोडीदाराची ओढ आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. नराची मादीसाठीची ओढ.

इथे मला आपल्या मराठीचं कौतुक वाटतं. आपण 'ते कासव' म्हणतो आणि मोकळे होतो. साहेब 'तो' म्हणत राहिले आणि अडकले. कारण टिमथी नर नव्हता, मादी होती. तिचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. नराच्या पोटाकडचं कवच खोलगट असतं, मादीचं सपाट. त्यावरून नंतरच्या अभ्यासकांनी हे ओळखलं. व्हर्जिनियाही खोटं. ही जात भूमध्य समुद्राच्या आसपासची. या जातीच्या माद्या मे-जूनमध्ये अंडी घालायला जागा शोधत अस्वस्थ फिरतात, कुंपणाकडेने येरझारा घालतात. नर जवळ नसला तरी कधीकधी फोल अंडी धरतात. टिमथीच्या त्या आठ दिवसांचं कारण जोडीदार नसून ऊन लागणारी भुसभुशीत जमीन असेल, असं मला वाटतं.

म्हणजे तेरा वर्षं रोज पाहिलं, तोललं, टिपलं. पहाटेचे पाच अचूक टिपले. कारण तेवढं चुकलं.

मी हसणार होते, पण हसू आलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, चौथ्या तासाला सारखी शाळेच्या फाटकाकडे बघायची. प्रगतिपुस्तकात मी दोन वर्षं 'अभ्यासात लक्ष नाही' असं लिहिलं. आई शेतावर जायची, धाकटा भाऊ घरात एकटा कडी लावून बसलेला असायचा, हे मला ती शाळा सोडून गेल्यावर कळलं. दिवस, तास, सगळं मी बरोबर पाहिलं होतं.

असो. व्हाइटसाहेब जून १७९३ मध्ये गेले. टिमथी पुढचा हिवाळा जमिनीखाली काढून १७९४ च्या वसंतात गेली. पन्नासहून जास्त वर्षं ती इंग्लंडात होती. त्या सगळ्या नोंदींत तिला दुसरं कासव भेटल्याची नोंद मला कुठे सापडली नाही. शेंगांच्या शेतात तिने माती उकरली होती का, हे कुणी जाऊन पाहिलं नाही. सगळे ती सापडल्याच्या आनंदात होते, आणि टॉमस तिला उचलून घरी घेऊन आला.