फाहियानचे स्वदेशी परतणे

फाहियानचे नाव निघाले की आपल्याकडे गुप्तकालीन भारताचे त्याने केलेले वर्णन तेवढे उद्धृत केले जाते. परत गेल्यावर त्याला स्वतःचा देश कसा दिसला, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

विनयग्रंथांच्या शोधात हा चिनी भिक्खू इ.स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला. सोबत्यांपैकी काही वाटेत मरण पावले, काही माघारी फिरले. पाटलिपुत्रात अखेर ताओ-चिंग हा एकच उरला. तेथील संघाचे शिस्तबद्ध आचरण पाहून आपल्या देशातील विनयाची उणीव प्रकर्षाने जाणवली. बुद्धाची भूमी हा मध्यदेश आणि चीन हा सीमाप्रदेश, अशीच भाषा फाहियानच्या वृत्तांतात आहे. ताओ-चिंगने ठरविले, यापुढे सीमाप्रदेशात जन्मच नको. तो येथेच राहिला. फाहियानने नेमका उलटा निर्णय घेतला. उणीव जेथे आहे, तेथेच विनय न्यायचा!

हा निर्णय कोरडा नव्हता. सिंहलद्वीपात बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा पाहून त्याच्या डोळ्यांत अश्रू आले. पुढे समुद्रप्रवासात वादळाचे खापर जहाजावरील ब्राह्मणांनी या श्रमणावर फोडले. त्याला बेटावर सोडून देण्याचे घाटत होते. त्याचा दाता आडवा आला म्हणून तो वाचला.

इ.स. ४१२ मध्ये जहाज शांतुंगच्या किनाऱ्यास लागले. हा आपलाच देश, हे त्याने ओळखले ते राजवाड्यावरून वा विहारावरून नव्हे, तर चाकवतासारख्या गरिबाघरच्या पालेभाजीवरून. दोन शिकारी भेटले. भिक्खूस पाहून ते घाबरले व म्हणाले, आम्ही बुद्धाचे उपासक, उद्याच्या पूजेसाठी फळे शोधतो आहोत. हे खोटे होते, असे फाहियान स्वतःच नमूद करतो. तरीही, प्रसंगी बुद्धाचेच नाव ओठांवर यावे इतका धम्म त्या किनाऱ्यावर पोचला होता, असे आम्हांस वाटते. राज्य कोणाचे, हेही त्याला विचारावे लागले. जिन घराण्याचे, असे उत्तर आले. दोनच वर्षांपूर्वी जिन सैन्याने तो प्रांत जिंकला होता.

चांगआनच्या जुन्या आचार्यांची ओढ त्याला होती. परंतु ग्रंथांचे काम मोठे मानून तो दक्षिणेच्या राजधानीस, म्हणजे आजच्या नानजिंगला गेला. तेथे बुद्धभद्रासह केलेला महासांघिक विनयाचा अनुवाद इ.स. ४१८ मध्ये पूर्ण झाला. सिंहलद्वीपातून आणलेला महीशासक विनय मात्र त्याच्या हयातीत अनुवादित झाला नाही. फाहियानला मृत्यू आला तो जिंगझोऊच्या एका विहारात, चांगआनपासून दूर.