चिकुनगुनिया: नावाआड झाकलेला आजार

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा हा ताप चिकन खाल्ल्याने होतो असं अनेकांना वाटत होतं. या नावाचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियाच्या दक्षिणेला असलेल्या माकोंडे पठारावर ही साथ पसरली. सांधे इतके दुखत की माणसाला ताठ उभं राहता येत नसे. माकोंडे भाषेतला ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाचा शब्द आजाराला चिकटला. मॅरियन रॉबिन्सन आणि लम्सडेन यांनी १९५५ साली या साथीची नोंद प्रसिद्ध केली.

नाव अचूक होतं, पण त्यामुळे सगळ्यांची नजर सांध्यांवरच खिळली. माणूस वाकतो, मरत नाही, असा समज रूढ झाला.

भारतात १९६३ साली कलकत्त्यात हा ताप आला. पुढे मद्रास, १९६५ ला नागपूर आणि १९७३ ला सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. त्याच १९७३ साली श्रीलंकेच्या ओबेसेकेरे आणि हर्मन यांनी डेंगी व चिकुनगुनियानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ताप उतरला तरी काहींच्या हृदयाचं दुखणं मागे राहत होतं. त्यानंतर मात्र भारतात तीन दशकं मोठी साथ आली नाही आणि हा इशाराही विस्मरणात गेला.

२००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जवळपास एक तृतीयांश लोक आजारी पडले. विषाणूत झालेल्या एका बदलामुळे तिथला एडिस अल्बोपिक्टस डास तो सहज पसरवू लागला होता. हृदयाची लय बिघडणं, आधीच्या हृदयविकाराने उचल खाणं, तान्ह्या बाळांच्या अंगावर भाजल्यासारखे फोड येणं अशी लक्षणं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवली.

आपल्याकडे त्वचेने वेगळीच खूण दाखवली. ताप ओसरता ओसरता नाकावर आणि गालांवर काळपट डाग पडत. सोलापूरला लागून असलेल्या विजापुरात त्वचारोगतज्ज्ञांनी १४५ रुग्ण तपासले, त्यांत असे डाग सर्वाधिक आढळले. काहींच्या जांघेत व्रण होते. डाग कालांतराने फिके होतात, पण आरशात स्वतःचा चेहरा अनोळखी वाटणाऱ्याला तेवढा धीर पुरत नाही.

मृत्यूंचं काय? २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण होते, तरी सरकारी नोंदीत चिकुनगुनियाने झालेला मृत्यू एकही नव्हता. अहमदाबादेत संशोधकांनी शहराची मृत्यूनोंदच तपासली. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या चार महिन्यांत, आधीच्या चार वर्षांच्या सरासरीपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाले होते. ते सगळे याच तापाने झाले असं सिद्ध होत नाही. पण दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलं गेलं की आठवड्यापूर्वीचा ताप कुणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून चिकुनगुनिया झालेल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धाप लागली, छाती धडधडली, तर ते अशक्तपणावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि ताप कधी आला होता तेही सांगा.