अंडकवच व कीटकनाशके

पक्ष्यांच्या अंड्यावरील कठीण बाह्य आवरणास अंडकवच म्हणतात. काही कीटकनाशकांच्या परिणामामुळे हे कवच नेहमीपेक्षा पातळ होते, ही गोष्ट १९६७–६९ या काळात सिद्ध झाली. परिस्थितिविज्ञानाच्या इतिहासात या शोधाला वेगळे स्थान आहे. कारण त्याचा पहिला पुरावा प्रयोगशाळेत निर्माण झाला नाही. छंद म्हणून अंडी जमविणाऱ्यांनी लाकडी खणांत जपून ठेवलेल्या संग्रहांतून तो मिळाला.

कोंबडीच्या अंड्याचे कवच सु. ०·३ ते ०·४ मिमी. जाड असून त्याचा सु. ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो. अंडवाहिनीतील कवच-ग्रंथीत अंडे सु. २० तास राहते व त्या अवधीत रक्तातून आलेल्या कॅल्शियमापासून कवच तयार होते. त्यातील हजारो सूक्ष्म रंध्रांतून वायूंची व बाष्पाची देवघेव चालते. अंडी उबविणाऱ्या पक्ष्याचा भार कवचाला सोसला पाहिजे आणि पिलाला ते आतून फोडताही आले पाहिजे. जाडीत थोडीशी घट झाली, तरी हा मेळ बिघडतो.

ब्रिटनमधील बहिरी ससाण्यापासून या संशोधनास सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात संदेशवाहक कबुतरांना धोका नको, म्हणून सरकारी आज्ञेने या जातीचे सु. ६०० पक्षी मारण्यात आले होते. युद्धानंतर त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली. १९६० च्या सुमारास कबुतरे पाळणाऱ्यांनी ससाणे फार माजल्याची तक्रार केली व त्यांचे संरक्षण काढून घेण्याची मागणी केली. म्हणून १९६१-६२ मध्ये डेरेक रॅट्‌क्लिफ यांच्या नेतृत्वाखाली देशभर पाहणी झाली. तिचा निष्कर्ष तक्रारीच्या नेमका उलट निघाला : ससाणे वाढत नव्हते, तर झपाट्याने नाहीसे होत होते. १९६३ पर्यंत त्यांची संख्या युद्धपूर्व संख्येच्या निम्म्याहूनही कमी झाली. तक्रार झाली नसती, तर ही घट आणखी काही वर्षे कोणाच्या ध्यानात आली नसती, असे म्हणण्यास जागा आहे.

कड्यांवरील घरट्यांत फुटलेली अंडी आढळतात व कधीकधी पक्षी स्वतःच ती खातात, हे रॅट्‌क्लिफ यांनी १९५१ पासूनच टिपून ठेवले होते. कवचे पातळ तर झाली नसावीत, अशी शंका पुढे आली. पण ती पडताळावयाची, तर पूर्वीची कवचे हवी होती. ती संग्राहकांकडे होती. अंड्याला बारीक छिद्र पाडून आतील द्रव काढून टाकावयाचा आणि रिकाम्या कवचावर स्थळ व दिनांक लिहावयाचा, अशी त्यांची रीत असे. ही रानटी हौस पक्ष्यांना घातक असल्याने ब्रिटनमध्ये १९५४ च्या कायद्याने बहुतेक रानपक्ष्यांची अंडी गोळा करण्यास बंदी झाली होती. तरीही त्या दिनांकांमुळे प्रत्येक कवच त्या त्या वर्षाचा दस्तऐवज ठरले.

कवच न फोडता त्याची जाडी अजमावण्यासाठी रॅट्‌क्लिफ यांनी एक साधी युक्ती योजली. कवचाचे मिलिग्रॅममधील वजन घेऊन त्याला अंड्याच्या मिलिमीटरमधील लांबी व रुंदी यांच्या गुणाकाराने भागले. हा निर्देशांक कित्येक दशके जवळजवळ स्थिर होता. १९४७ च्या सुमारास तो एकाएकी खाली आला. बहिरी ससाण्यात ही घट सरासरी सु. १९ टक्के होती. १९६७ मध्ये नेचर या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधले होते आणि युद्ध संपताच त्याचा सर्रास वापर सुरू झाला होता. काळाचा हा मेळ दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत जोसेफ हिकी व डॅनियल अँडरसन यांनी ३९ संग्रहांतील १,७२९ कवचे मोजून तसाच बदल दाखविला. हेरिंग कुरवाच्या अंड्यांत क्लोरीनयुक्त अवशेष जितके अधिक, तितके कवच पातळ, असेही त्यांना आढळले. तरीपण हा केवळ सहसंबंध होता. १९६९ मध्ये मॅलार्ड बदकांना डीडीई (डीडीटीपासून शरीरात बनणारे टिकाऊ द्रव्य) खाऊ घालून कवचे पातळ होतात, हे दाखविण्यात आले, तेव्हा कार्यकारणभाव उघड झाला. कोंबडी व लावा यांच्यावर डीडीईचा असा परिणाम फारसा होत नाही. त्यामुळे केवळ कोंबड्यांवरील प्रयोगांवर विसंबणारा दिशाभूल होऊन बसला असता. हे द्रव्य अन्नसाखळीत वरच्या पायरीकडे साचत जात असल्याने मासे व पक्षी खाणाऱ्या जातींना सर्वाधिक झळ लागली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील ॲनकापा बेटावर १९७० मध्ये तपकिरी पेलिकनांची पाचशेंहून अधिक घरटी होती. त्यांतून एकच पिलू वाढले.

डीडीईमुळे कवच-ग्रंथीतील प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती मंदावते व कॅल्शियम कवचापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, हे स्पष्टीकरण आता बहुधा ग्राह्य मानले जाते. मात्र ब्रिटनमधील ससाण्यांच्या ऱ्हासाचे सर्व खापर पातळ कवचांवर फोडणे योग्य नाही. बियाण्यांना लावलेल्या डीलड्रीन, आल्ड्रीन यांसारख्या विषांनी प्रौढ पक्षीच थेट मेले, असे मानणाऱ्यांची बाजू तेथे अधिक भक्कम दिसते.

अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. तेथे बहिरी ससाण्याचे नाव १९९९ मध्ये व तपकिरी पेलिकनाचे २००९ मध्ये संकटग्रस्त जातींच्या यादीतून निघाले. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यास १९८९ मध्ये मनाई झाली. हिवतापाच्या डासांविरुद्धचा वापर मात्र पुढेही चालू राहिला. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील कारखान्यातही त्याचे उत्पादन झाले. हिवतापाने होणारी मनुष्यहानी पाहता हा अपवाद अनाठायी म्हणता येत नाही.

जुन्या कवचांचा उपयोग एवढ्यावर संपला नाही. ए. ओ. ह्यूम यांनी भारतात जमविलेली हजारो अंडी १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयास दिली, तीही अशाच दिनांकित संग्रहांपैकी आहेत. १९९८ मध्ये ब्रिटनमधील कस्तुर-कुलातील पक्ष्यांच्या कवचांची मोजदाद झाली, तेव्हा ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच, म्हणजे डीडीटीच्या कितीतरी आधीपासून, पातळ होत आल्याचे दिसले. हवेतील प्रदूषणाने जमीन आम्लधर्मी होऊन गोगलगायींसारखे कॅल्शियमयुक्त खाद्य कमी झाले असावे, असा त्याबाबत तर्क आहे.