अठरा खेपा आणि टेलिफोनची वही

चेन्नईहून बंगळूरकडे निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागते. आज तेथे मोबाइल फोन जुळविणारे कारखाने आहेत. पण गावाची कीर्ती त्याहून फार जुनी. परंपरेप्रमाणे रामानुजाचार्यांचा जन्म १०१७ साली येथे झाला. रहस्यमंत्रासाठी तिरुकोष्टियूरच्या नंबींकडे त्यांना अठरा खेपा घालाव्या लागल्या, आणि तो मिळताच गुप्ततेची आज्ञा मोडून त्यांनी तो गोपुरावरून सर्वांना ऐकविला, असे सांगतात.

श्रोतेहो, या कारखान्यांतल्या फोनवर आपण जी वेब उघडतो, तिच्या जन्मकथेतही खेपा आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक टिपण दिले. वरिष्ठ माइक सेंडाल यांचा शेरा पडला : मोघम, पण चित्तवेधक. मंजुरी मात्र मिळाली नाही. मे १९९० मध्ये तेच टिपण पुन्हा फिरविले गेले. त्या सप्टेंबरात ‘नेक्स्ट’ संगणक हाती आला आणि वर्षअखेर प्रोग्राम चालू लागला.

पण चालू लागला म्हणून वापरणार कोण? थोर कल्पनेसाठी माणसे आपली सवय मोडीत नाहीत. टेलिफोन नंबरासाठी मोडतात! संस्थेची टेलिफोनची वही मुख्य संगणकात होती. एका नंबरासाठीही त्यात रीतसर प्रवेश करावा लागे. बर्न्ड पोलरमन यांनी ती वही वेबला जोडून दिली. निकोला पेलो या विद्यार्थिनीने केवळ अक्षरे दाखविणाऱ्या साध्या पडद्यावरही चालेल असा ब्राउझर लिहिला. नाव टंकावे, प्रश्न सर्व्हरकडे जावा, उत्तर पान होऊन परतावे; काम एवढेच. कित्येकांच्या लेखी वेब म्हणजे ती वहीच होती. कर्त्याचे स्वप्न मोठे, पण त्याचा उत्साह टिकला तो, मला वाटते, या किरकोळ उपयोगावर.

पुढे गोपुराचा प्रसंगही आला. १९९३ च्या आरंभी मिनेसोटा विद्यापीठाने ‘गोफर’ या प्रतिस्पर्धी पद्धतीच्या काही वापरावर शुल्क आकारण्याचे जाहीर केले, आणि लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. त्या कागदावर दोन संचालकांच्या सह्या आहेत.