‘थंड’ कशाला म्हणायचं? कोल्ड कॅथोड या शब्दाची गोष्ट

आज आपण एकाच शब्दाचा इतिहास पाहणार आहोत. शब्द आहे ‘कोल्ड कॅथोड’, मराठीत ‘शीत ऋणाग्र’. विषय इलेक्ट्रॉनिक्सचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानवाले, हे जरा विचित्र वाटेल. पण शब्दाचा अर्थ नेमका कुठे संपतो, हे पाहणं आमचंच काम आहे.

कॅथोड म्हणजे ज्या टोकातून इलेक्ट्रॉन नळीत शिरतात ते टोक. हा शब्द फॅरडेनं 1834 मध्ये रूढ केला. पुढे गाइसलर, हिटॉर्फ, क्रुक्स यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्यांमधून वीज सोडून पाहिली. 1895 मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि 1897 मध्ये थॉमसननं इलेक्ट्रॉन ओळखला, तेही अशाच नळ्यांमुळे. या नळ्यांत कॅथोड तापवायची काही सोय नव्हती, तरी त्या वेळी त्याला कुणी ‘थंड’ म्हणत नव्हतं. नुसता कॅथोड!

का म्हणत नव्हतं? आपल्या शहाडजवळचं उदाहरण घेऊ. 1854 मध्ये कल्याणला आगगाडी आली, तेव्हा ‘वाफेचं इंजिन’ असं मुद्दाम म्हणायची गरज नव्हती. इंजिन म्हटलं की ते वाफेचंच. 1925 पासून मुंबईत विजेच्या गाड्या धावू लागल्या, त्या पुढे कल्याणपर्यंत आल्या, आणि जुन्या इंजिनाला विशेषण लावणं भाग पडलं. गॅस आला नसता तर ‘चुलीवरची भाकरी’ असं तरी कोण म्हणालं असतं?

कॅथोडचं तसंच झालं. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन आपणहून बाहेर पडतात, या गुणाचा उपयोग करून फ्लेमिंगनं 1904 मध्ये व्हॉल्व्ह बनवला. रेडिओ त्याच वाटेनं घराघरांत आला. जुना रेडिओ लावल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागायचा, तो हा कॅथोड तापायचा वेळ. असा ‘गरम’ कॅथोड आला म्हणून आधीचा ‘थंड’ ठरला. नवा आल्यावर जुन्याचं बारसं झालं म्हणा ना!

आता खरा प्रश्न. आपले नैयायिक सांगतात की अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा ‘प्रतियोगी’. मग ‘थंड’ या शब्दात अभाव नेमका कशाचा आहे?

पहिलं उत्तर : उष्णतेचा. हे टिकत नाही. एसी विजेची डीसी करायला जगभरच्या विद्युत रेल्वेत कित्येक दशकं मर्क्युरी आर्क रेक्टिफायर वापरत. त्यात कॅथोड म्हणून पाऱ्याचं तळं असे आणि त्यावर एक प्रखर ठिपका सैरावैरा फिरत असे. त्या ठिपक्यापाशी उष्णता प्रचंड. तरी शास्त्रात त्याची गणना थंड कॅथोडमध्येच होते.

दुसरं उत्तर : तापवणाऱ्या तारेचा. हे बरंच जवळचं आहे. व्यवहारात हीच व्याख्या चालते. पण घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा, चोक आणि स्टार्टरवाली. बटण दाबलं की आधी स्टार्टरमध्ये मिणमिण होते. ती इवलीशी नळी थंड कॅथोडची. तिच्या उष्णतेनं आतली पट्टी वाकून जोड मिटतो, वीज ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारांतून जाते, त्या तापतात. पट्टी निवून जोड सुटला की चोकच्या धक्क्यानं ट्यूब पेटते. त्यानंतर तारा तापवणारा वेगळा प्रवाह बंदच असतो. टोकं गरम राहतात ती नळीतल्या प्रवाहामुळेच. तरी ट्यूबलाइट ‘गरम कॅथोड’चीच. म्हणजे एकाच पट्टीवर दोन्ही जाती शेजारी नांदतात, आणि तापवण्याचा प्रवाह थांबला म्हणून जात बदलत नाही.

म्हणून तिसरं उत्तर : इलेक्ट्रॉन बाहेर काढायचं काम उष्णतेवर सोपवलेलं नसणं. मग ते काम कोण करतं? नळीतले धनभारित आयन कॅथोडवर आदळतात आणि इलेक्ट्रॉन उडवतात, किंवा जबरदस्त विद्युतक्षेत्र त्यांना खेचून काढतं. वायरमनच्या टेस्टरमधला निऑनचा दिवा पहिल्या प्रकारचा. घरच्या एसी विजेवर त्याची दोन्ही टोकं चमकतात, कारण ती आळीपाळीनं कॅथोड होतात. डीसी दिली तर एकच चमकतं.

हा नुसता शब्दच्छल नाही. जुन्या क्ष-किरण नळ्यांत इलेक्ट्रॉन आतल्या उरल्यासुरल्या वायूच्या जिवावर निघत. वापरता वापरता वायू कमी होई, नळीचा स्वभाव बदले, आणि विद्युतदाब व प्रवाह स्वतंत्रपणे ठरवता येत नसत. 1913 मध्ये कूलिजनं तापलेल्या तारेची नळी केली तेव्हा कुठे डॉक्टरांच्या हाती भरवशाचं यंत्र आलं. उष्णता घेतली की ताबा मिळतो. सोडली की तापण्याची वाट पाहावी लागत नाही आणि जळायला तारही नसते. प्रत्येक सोयीची काही किंमत असतेच.

आणखी एक किंमत आहे, ती दुरुस्ती करणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावी. उष्णतेचं काम विद्युतदाबाला करावं लागतं. दुकानावरच्या निऑनच्या पाटीला हजारो व्होल्ट लागतात. जुन्या एलसीडी पडद्यामागच्या बारीक दिव्यालाही शेकडो व्होल्ट लागतात, पेटताना त्याहून जास्त. ‘थंड’ हे विशेषण ऐकून तिथे हात घालणाऱ्याला तो शब्द वाचवणार नाही.

तेव्हा नाव काय नाही ते सांगतं, काय आहे ते सांगत नाही. विशेषण दिसलं की आधी विचारावं, हे कुणाच्या तुलनेत आलं? आणि मग विचारावं, जे नाही त्याचं काम आता कोण करतंय? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय शब्द कळला असं आम्ही म्हणणार नाही.