दफ्तरांचीं छायाचित्रें : मोबाइल कीं कॅमेरा?

जुनीं कागदपत्रें शोधीत फिरणाऱ्या मंडळींत हल्लीं एक वाद वारंवार निघतो : दफ्तराचें छायाचित्र मोबाइलनें घ्यावें, कीं त्यासाठीं स्वतंत्र कॅमेरा बाळगावा? हा वाद बहुधा किंमत व वजन यांपाशीं येऊन थांबतो. आमच्या मतें तो वस्तुतः अस्सल व नक्कल यांच्या संबंधाचा आहे. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यापासून शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत आम्ही जें थोडेंबहुत हिंडलों, त्यांतील दोन प्रकरणें येथें पुराव्यादाखल मांडितों. पहिल्यांत चूक आमचीच आहे.

शिरूर तालुक्यांत येणारा जिज्ञासु पाबळास मस्तानीची कबर पाहतो, शिरुरास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांची छावणी होती तिच्या खुणा विचारतो आणि परत जातो. घरोघरचीं दफ्तरें तशींच राहतात. घोडनदीच्या काठच्या एका गांवीं पाटीलकीच्या घराण्यांत असा एक रुमाल होता. आम्हीं पिशवींतून कॅमेरा व तिपाई काढतांच घरच्या आजी म्हणाल्या, “गुरुजी, तें यंत्र नको. काय घ्यायचें तें मोबाइलवर घ्या. नाहीं तर उद्यां तलाठी विचारील, कशाचे फोटो काढले म्हणून.” कॅमेरा परत पिशवींत गेला. मोबाइलमध्यें कागद ‘स्कॅन’ करण्याची जी सोय असते तिनें आम्हीं सारे बंद तासाभरांत घेतले. पडद्यावर अक्षर इतकें स्वच्छ दिसलें कीं, आम्ही समाधानानें घरीं आलों.

पुढल्या वर्षीं पुन्हां गेलों तेव्हां वाडा उतरविला गेला होता, व रुमालास वाळवी लागली म्हणून तो मातीबरोबर टाकून दिला होता. आतां आमच्याजवळचीं चित्रें हाच त्या दफ्तराचा अवशेष.

त्यांत शुहूर सन सबा सबैन मया व अलफ, म्हणजे ११७७, इ. स. १७७६-७७ या सालचा एक महजर आहे. तारीख आम्हीं छ ७ जमादिलावल अशी वाचली व टिपणांत नोंदविली. नंतर दौंड तालुक्यांतील एका घराण्याच्या कागदांत याच महजराचा उल्लेख सांपडला. तेथें तारीख छ १७ आहे. फरक दहा दिवसांचा. परंतु हरलेल्या पक्षाचें यजितखत त्याच महिन्याच्या छ १२ चें आहे. महजर छ ७ चा असेल, तर निवाडा झाल्यावर यजितखत दिलें असा सरळ क्रम लागतो. तो छ १७ चा असेल, तर गोतसभा बसण्यापूर्वींच बिचाऱ्याकडून हार लिहून घेतली असें होतें, आणि साऱ्या तंट्याचें स्वरूपच बदलतें. आम्हीं चित्र वाढवून पाहिलें. ‘छ’ व ‘७’ यांच्यामध्यें नेहमीपेक्षां किंचित् अधिक जागा आहे, आणि त्या जागीं शुभ्र पांढरा कागद आहे. इतका पांढरा कागद त्या रुमालांत एकहि नव्हता.

असें होण्याचें कारण यंत्राच्या रीतींत आहे. मोबाइल प्रकाश नुसता टिपीत नाहीं. लागोपाठ घेतलेलीं अनेक चित्रें तो एकत्र करितो, काळोख उजळितो, कडा ठसठशीत करितो. स्कॅनच्या सोयींत तर कागद पांढरा व शाई काळी असलीच पाहिजे असें गृहीत धरून मधल्या छटा पुसून टाकितो. परिपत्रकांस हें ठीक आहे. दफ्तरांतील कागदावर उडालेली शाई, पाण्याचा डाग, दोन बंद चिकटविलेल्या जागीं पाठीमागें उठविलेली मुद्रा, हाच पुरावा असतो.

संस्कृत पोथ्या हाताळलेल्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. पोथी उतरविणारे लेखक दोन जातींचे. एकास अर्थ कळत नाहीं. तो डोळ्यांस दिसेल तें अक्षर काढतो, व त्याची चूक सहज उघडी पडते. दुसरा व्युत्पन्न, मूळ अशुद्ध वाटलें कीं तो तें सुधारतो, आणि पूर्वीं पाठ काय होता याचा मागमूस उरत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें व १९६६ सालीं पुरें झालें. त्यांतील किती श्रम या दुसऱ्या जातीच्या लेखकांपायीं खर्ची पडले असतील! मोबाइल हा व्युत्पन्न लेखक आहे. ‘रॉ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कच्च्या स्वरूपांत चित्र ठेवणारा कॅमेरा मंदबुद्धि पण प्रामाणिक आहे, व आम्ही त्याच्या बाजूचे आहों.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला, तेव्हां संशोधकानें कागद हातानेंच उतरवावयाचा अशी रीत होती. मूळ कागद नाहींसा झाला असेल तेथें आज आपला भरंवसा उतरविणाराच्या डोळ्यांवर. छायाचित्रानें हें परावलंबन संपेल अशी अपेक्षा होती. तें संपलें नाहीं. संशोधकाच्या जागीं कोणी अनामिक गणिती येऊन बसला आहे, आणि त्यास मोडी येत नाहीं.

मापाचीहि गोष्ट पाहण्यासारखी आहे. मोठ्या कॅमेऱ्याची प्रकाशग्राही पट्टी ३६ × २४ मिलिमीटर असते. बहुतेक मोबाइलमध्यें तिचें क्षेत्रफळ याच्या दशांशाहूनहि कमी. दोन फूट लांबीचा बंद एकाच चित्रांत घेतला, तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत इंचास सुमारें २५० बिंदु पडतात, १२ मेगापिक्सेलच्या चित्रांत सुमारें १६७. मोबाइलच्या जाहिरातींतील ५० मेगापिक्सेल सामान्यतः चार बिंदूंचा एक करून १२ वरच येतात.

तथापि कॅमेरा हातीं असला म्हणजे झालें, असें मात्र नाहीं. दौंड तालुक्यांत भीमेच्या काठीं एका देवळाबाहेर वीरगळ पडला आहे; त्यावर अक्षरांच्या खुणा दिसतात. पूर्वीं अशा ठिकाणीं ओला कागद दगडावर ठोकून शाईचा ठसा घेत. आम्हीं भर दुपारीं कॅमेऱ्याचा झोत समोरून टाकला व सारीं अक्षरें सपाट करून बसलों. बरोबर आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दिवस मावळतांना, आडव्या उन्हांत, आपल्या साध्या मोबाइलनें जें चित्र घेतलें त्यांत दोन ओळी लागल्या. तो कांहीं बोलला नाहीं. आम्हीहि बोललों नाहीं.

तेव्हां आतां आमचा क्रम असा. पहिल्या भेटींत मोबाइल. यादी होते व घरच्यांचा विश्वास बसतो. दुसऱ्या भेटींत कॅमेरा, तिपाई, दोन्ही बाजूंनीं तिरपा उजेड, शेजारीं मोजपट्टी, आणि प्रत्येक बंदाची पाठ. परंतु दुसरी भेट घडेलच याची शाश्वती नाहीं हें वरील प्रकरणानें शिकविलें आहे. म्हणून पहिल्याच वेळीं स्कॅनची सोय बंद ठेवावी. मोबाइलमध्यें रॉची सोय असल्यास तीच वापरावी. लांब बंद दोन-तीन तुकड्यांत, कडा एकमेकांवर चढवून घ्यावा. चित्रें व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोच्या रूपानें पाठवूं नयेत, कारण तेथें तीं आणखी दाबलीं जातात. मोबाइल चित्रांत स्थळहि नोंदवूं शकतो. वीरगळाच्या बाबतींत तें उपकारक, पण कोणाच्या घरच्या दफ्तराचें चित्र बाहेर देतांना तें काढून टाकावें.

उपर्युक्त महजराची दुसरी प्रत प्रतिपक्षाच्या घराण्याकडे गेली असण्याचा संभव आहे. शिरूर, दौंड किंवा नदीपलीकडील पारनेर, श्रीगोंदें या बाजूच्या कोणा संग्राहकापाशीं शुहूर ११७७ मधील जमादिलावल महिन्याचा पाटीलकीचा महजर असल्यास त्यांनीं तारखेचा आंकडा तेवढा, मूळ कागदावरून डोळ्यांनीं वाचून, मंडळास कळवावा.